न उचललेला बेल

आमच्या गोठ्यात आता बैल नाही. आमच्या ह्यांची, महांतेशची मोटरसायकल असते आणि पावसाळ्यात सरपण. पण आढ्याला बाभळीचं एक जू अजून टांगलेलं आहे. दिवाळीची झाडलोट करताना मी ते काढायचं म्हटलं तर आमचे हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिथंच. कुणाच्या पोटात दुखतंय?" मी खालूनच झाडून घेतलं. ते जू अर्धं आमचं आणि अर्धं शेजारच्या केरबामामांचं. काढायचा हक्क आमचा एकट्याचा तसाही नव्हता.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्या दावणीला एकच बैल होता, हरण्या. शेजारच्या वावरात केरबामामांचा पाखऱ्या. दोघांनाही जोडी पाळण्याइतकं रान नव्हतं, म्हणून दोघांचा पैरा. त्यांचा एक, आमचा एक, मिळून एक औत. आज आमच्यात नांगरट, उद्या त्यांच्यात. दोन वावरांच्या मधल्या बांधावरची बाभळ वादळात पडली तेव्हा ती कुणाची यावर गावात डोकी फुटली असती. माझ्या सासऱ्यांनी आणि केरबामामांनी सुताराला बोलावून तिचं जू करून घेतलं. माझे सासरे नागाप्पा, ज्यांना सगळं गाव आप्पा म्हणायचं, ते लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. केरबामामा मराठ्यांचे, मिशीवाले, मोठ्या आवाजाचे. आप्पा दिवसभरात बोलायचे तेवढं केरबामामा एका बिडीत बोलून मोकळे व्हायचे. मला तर नवी असताना वाटायचं की हे भांडतायत, आणि सासूबाई रत्नव्वा, म्हणजे आमची अव्वा, चुलीपासून म्हणायची, "भांडत न्हाईत गं, केरबा हवापाणी सांगालाय."

ते दिवस आठवले की मला पहिल्यांदा वास आठवतो. वैशाखातल्या कुळवलेल्या मातीचा, बैलांच्या घामाचा आणि दुरडीतल्या भाकरीचा. महांतेश सकाळच्या एसटीनं गडहिंग्लजला कापडाच्या दुकानात कामाला जायचे. औतामागे आप्पा आणि केरबामामा, ढेकळं फोडायला अव्वा, मी आणि बौद्धवस्तीतली बायडाबाई. धूळवाफेचा भात पावसाआधी कोरड्या मातीत, रोहिणीत पेरायचा, त्याआधी रान मऊ व्हायला हवं. ढेकळं फोडून माझ्या हाताला फोड यायचे, आणि बायडाबाई माझ्याकडं बघून म्हणायची, "संकेश्वराकडच्या पोरींस्नी नुसत्या भाकऱ्या थापायला शिकवत्यात व्हय?"

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नेमकी याच कामात ग्रामपंचायतीची निवडणूक आली.

आमच्या वॉर्डात दोघं उभे होते. हंबीररावांची शिट्टी आणि गणपतरावांची छत्री. हंबीरराव कामाचा माणूस. गावात नळ आणला तो त्यांनी. फाट्यावर थांबणारी एसटी देवळापर्यंत आणली ती त्यांनीच. पण त्यांनी केलेला रस्ता त्यांच्या उसाला वळसा घालून जायचा, आणि म्हाताऱ्या माणसाला अरे-जारे करून भर चावडीत झापायला त्यांना काही वाटायचं नाही. गणपतराव याच्या उलट. देवमाणूस. कुणाच्या काडीला शिवले नाहीत. मात्र ते सरपंच असताना शाळेची दुसरी खोली मंजूर झाली, तिचं दार पूर्वेला की उत्तरेला यावर ते "बघू या, विचार करू या" म्हणत राहिले, आणि खोली दुसऱ्या गावाला गेली. निम्मी पोरं मारुतीच्या देवळात पाढे म्हणत राहिली. असे दोघं. तिसरा कुणी उभाच नव्हता.

केरबामामा हंबीररावांच्या भावकीतले. त्यांच्या खिशात शिट्टीच असायची, खरीखुरी, वाजवायची. एकदा बांधावर जेवायला बसलो असता त्यांनी ती दोनदा वाजवली आणि हरण्या दचकून उठला.

"नागाप्पा, यंदा घरटी सगळी मतं शिट्टीला. ठरलं न्हवं?"

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "बघतोय."

"बघतोय काय? बघायला काय पोरगी हाय?"

"बैल घेताना बघतोस न्हवं? दात बघतोस, खूर बघतोस, चालवून बघतोस. हितं तर पाच वरसं दावणीला बांधायचाय."

बायडाबाई जरा बाजूला बसून कांदा फोडत होती. ती म्हणाली, "बघा आप्पा. हंबीररावनं नळ आणला, खोटं कशाला बोलू? खरं वस्तीच्या तोंडाला येऊन पायप थांबला. म्या अजून व्हंडीवरनंच पाणी आणतो. बुजगावण्यागत उभा हाय तो पायप, तोटी न्हाय, पाणी न्हाय."

आमच्याकडे बोलताना 'खरं' म्हणजे 'पण', आणि व्हंडी म्हणजे ओढ्याकाठचा झरा. उन्हाळ्यात तिथे वाटीनं पाणी भरावं लागायचं. केरबामामांनी शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "गणपतरावनं काय दिलतं तुमास्नी?"

"काय न्हाय," बायडाबाई म्हणाली. "राम राम घालतोय तेवढा पुढं हून."

आप्पा पाणी प्यायले, तोंड पुसलं. "एक मारका हाय खरं औताला चालतोय. दुसरा गरीब हाय खरं मधीच बसतोय. मारक्याला वेसण घालता येती. बसक्याला किती शेपूट पिरगाळायचं?"

केरबामामांना त्यातलं पहिलं वाक्यच ऐकू आलं. आपल्या उमेदवाराला मारका म्हणालेलं त्यांना टोचलं. पुढचं त्यांनी ऐकलं असतं तर ही गोष्ट सांगायला मला कारण उरलं नसतं.

दोन-तीन दिवसांनी मारुतीच्या देवळात हंबीररावांची बैठक झाली. महांतेश तिथे होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. चहा झाला, भाषण झालं, आणि आप्पा सगळ्यांत मागून उठले. आयुष्यात कधी चार माणसांत न बोललेला माणूस. म्हणाले, "हंबीरराव, वस्तीत तोटी कवा बसवणार ते सांगा. तेवढं हितं सगळ्यांम्होरं सांगा."

हंबीरराव हसले. "काय नागाप्पा, तुझ्या दारात पाणी येतंय न्हवं? मग दुसऱ्याच्या घागरीची तुला काळजी? का बायडाबाईनं वकीलपत्र दिलंय?"

देवळात हशा पिकला. आप्पा उभेच राहिले. टोपी हातात होती ती त्यांनी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. "मी आपलं इचारलं," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. महांतेश सांगत होते, "मला आप्पांपेक्षा केरबामामांकडं बघवंना. मान खाली घालून चटईच्या काड्या उपसत बसलेलं." कारण हशा संपल्यावर हंबीरराव त्यांच्याकडे वळून म्हणाले होते, "केरबा, तुझ्या पैऱ्याचा बैल कासरा सोडून चाललाय. आवर."

दुसऱ्या दिवशी आमच्या वावरात कुळव चालू होता. ऊन चढलं होतं. केरबामामा आज औतामागे आलेच नव्हते, पाखऱ्याला तेवढं सकाळी आणून बांधून गेले होते. ते बांधावरून आले ते पितळी ताट घेऊन, आणि त्यांच्या मागे हंबीररावांची दोन माणसं. ताटात बेलाची पानं होती आणि हळदीचा भंडारा.

आमच्याकडे ही रीत आहे, किंवा तेव्हा होती. मताची खात्री करून घ्यायची तर बेल-भंडारा उचलायला लावायचा. एकदा उचलला की माणूस फिरत नाही. फिरला तर देव बघून घेतो अशी सगळ्यांची समजूत होती, देवाला दुसरं काम नसल्यागत.

"नागाप्पा, उचल," केरबामामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "शिट्टीला देतो म्हण आणि उचल. मग काय बी बोल देवळात."

आप्पांनी बैल थांबवले. ताटाकडे बघितलं. "केरबा, ह्यो बेल मी रोज सकाळी लिंगावर वाहतो. मतासाठी उचलणार न्हाय."

"म्हंजे छत्रीला देणार."

"तसं मी म्हणालो न्हाय."

"मग उचलायला काय हुतंय तुला?"

"उचलणार न्हाय," आप्पा म्हणाले. त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

मागची दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली. त्यांच्यापुढे केरबामामांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी ताट बांधावर ठेवलं, वाफ्यात उतरले, पाखऱ्याच्या मानेची जुपणी सोडली आणि कासरा धरून त्याला ओढत नेलं. पाखऱ्या जायला तयार होईना. मागे वळून हरण्याकडे बघत राहिला, तशी त्यांनी त्याच्या पाठीत कासऱ्याचा फटका मारला. आम्ही कधी त्यांना बैलाला मारलेलं बघितलं नव्हतं. जुवाची रिकामी बाजू जमिनीला टेकली, आणि हरण्या वाकड्या मानेनं तसाच उभा राहिला. आप्पांनी त्याला सोडवलं, जू खांद्यावर घेतलं आणि कुळव तिथेच टाकून घरी आले.

अव्वाच्या तोंडाचा पट्टा त्या दिवशी थांबला नाही. "बेल उचलून काय हात झडला असता? रोहिणी तोंडावर आली. आता पेरायची कुरी कशानं वडायची? माझ्या आणि ह्या पोरीच्या गळ्यात जू घालणार हाईसा?" आप्पा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून हरण्याच्या मानेला तेल चोळत होते. एवढंच म्हणाले, "साकु." आमच्या घरच्या कानडीत म्हणजे 'पुरे झालं'. अव्वानं त्यांना ताक आणून दिलं आणि मग आत जाऊन रडली. मला वाईट याचं वाटलं की ती पेरणीसाठी रडत नव्हती. केरबामामा तिच्या हातचं ताक रोज प्यायचे, आणि त्या दिवशी तिनं सवयीनं दोन तांबे भरले होते.

बातमी गावभर झाली. गणपतराव मुद्दाम घरी आले, टेकले, हळहळले. "नागाप्पा, माझी जोडी घेऊन जा पेरायला. सोन्यासारखी माणसं तुम्ही, असं व्हायला नको होतं." आप्पा म्हणाले, "मतदान झाल्यावर द्या. आत्ता घेतली तर ते बी गळ्यातलं दावंच." गणपतराव म्हणाले, "बरं, बघू या." ते गेल्यावर अव्वा म्हणाली, "घ्यायची हुती आत्ताच. त्यांचं बघू या म्हंजे दिवाळी."

मतदानाच्या दिवशी सकाळी मी नवं लुगडं नेसले. माझं नाव यादीत पहिल्यांदाच आलं होतं. निघताना महांतेश हळूच म्हणाले, "शिट्टीवर मार शिक्का, म्हंजे केरबामामांचं तोंड तरी बंद हुईल." मी आप्पांना विचारलं, "आप्पा, मी कुणाला देऊ?"

आप्पा विभूती लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं तू बघ."

 माहेरी वडलांनी, मग भावानं, मग सासरी सगळ्यांनी माझं बघितलं होतं. शाळा कितवीपर्यंत ते, नवरा कोण ते, भाजी कुठली ते. तुझं तू बघ असं मला कुणी म्हणालेलं नव्हतं. शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याच्या आडोशाला मी शिक्का हातात धरून एवढा वेळ उभी राहिले की बाहेरून मास्तर खोकले. मी छत्रीला मत दिलं. कारण सांगितलं तर हसाल. लग्नानंतर या गावात मला "पोरी, तुझं नाव काय?" असं विचारलेले गणपतराव एकटेच. बाकी सगळ्यांना मी महांतेशची बायको होते. पवित्रा हे नाव त्यांनी एकदा विचारलं आणि पुढे रस्त्यात भेटले की नावानं हाक मारायचे. शाळेचं दार कुठल्या बाजूला हे त्यांना ठरवता आलं नाही हे मला माहीत होतं. तरी दिलं.

हंबीरराव निवडून आले. मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून नेली. फटाक्यांची माळ आमच्या उंबऱ्यासमोर लावली, आणि गोठ्यात हरण्या दावं तोडायला बघू लागला. आप्पा त्याच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. गुलालानं दोघंही लाल झाले. केरबामामा मिरवणुकीत होते, डोक्यापासून पायापर्यंत गुलाल, गळ्यात शिट्टी. आमच्या दारावर आल्यावर मात्र त्यांनी वाजवली नाही. दुसरीकडे बघत पुढे गेले.

गणपतरावांची जोडी काही आली नाही. त्यांच्या भावाला लागत होती म्हणे. रोहिणी लागून गेली, आणि आम्ही भात टोकायला घेतला. वीतभर अंतरावर काठीनं भोक पाडायचं, चार दाणे टाकायचे, पायानं माती लोटायची. कुरीनं एका दिवसात होणारं काम. कंबर अशी भरून यायची की संध्याकाळी सरळ उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आप्पा पुढे काठी मारत आणि आम्ही दोघी मागून.

मग एका सकाळी बायडाबाई आली ती वस्तीतल्या बायका घेऊन. बाळाबाई, तिची जाऊ, आणखी कोण कोण. अव्वा घाबरलीच, मजुरी कुठून द्यायची म्हणून. बायडाबाई पदर खोचत म्हणाली, "मजुरी कोण मागालंय? आमचं बी दोन वाफं हाईत की वड्याच्या अंगाला. तवा तुमी या. बैलांचाच पैरा असतोय व्हय?"

त्या वर्षी आम्ही सासू-सुना वस्तीच्या वाफ्यांत भात टोकायला गेलो. गावानं नावं ठेवली. अव्वानं बायडाबाईच्या घरचा चहा पहिल्यांदा प्यायला त्याच वर्षी. पाणी व्हंडीवरचं होतं, आणि अव्वा म्हणाली की चहाला तेच बरं.

आप्पा मात्र एक गोष्ट धरून बसले. ग्रामसभा असली की टोपी घालून जायचे, मागे बसायचे, आणि शेवटी उठून तेच विचारायचे, "वस्तीत तोटी कवा?" पहिल्यांदा हशा व्हायचा. मग हशा होईना. मग आप्पा उठायच्या आधीच कुणीतरी म्हणायचं, "नागाप्पाचं लिहून घ्या." शेवटी हंबीरराव वैतागले आणि तोटी बसली. उद्घाटनाला त्यांनीच नारळ फोडला, आणि आप्पांनी टाळ्या वाजवल्या. बायडाबाईनं पहिली घागर भरली, आणि घरी नेण्याआधी आप्पांच्या हातावर ओंजळभर पाणी घातलं.

पैरा तुटला तो तुटलाच. बांधावर समोरासमोर आले तरी दोघं बोलायचे नाहीत. लग्नकार्यात वेगवेगळ्या पंगतीला बसायचे. केरबामामांच्या मंडळींना मी चोरून लोणचं नेऊन द्यायचे, आणि त्या चोरून विचारायच्या, "आप्पांचा खोकला कसा हाय?" विचारायला कुणी सांगितलंय ते दोघींना कळायचं. पुढे हरण्या म्हातारा होऊन गेला. ट्रॅक्टर आले, भाड्यानं मिळायला लागले. पैरा हा शब्द पोरांना सांगून कळेना.

दोन हजार सहाच्या पावसाळ्याआधी केरबामामा आमच्या दारात आले. काठी टेकत, मिशा पांढऱ्या, आवाज बसलेला. अव्वा दोन वर्षांपूर्वी गेली होती. आप्पा आजारी, पुढच्या सोप्यात घोंगड्यावर पडून होते. मामा न बोलता त्यांच्या पायथ्याशी बसले. मी चहा ठेवला. मामांनी तो बशीत ओतला, मी चौकटीशी उभी राहिले.

"नागाप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"त्या साली छत्रीला दिलतंस न्हवं?"

"शिट्टीला," आप्पा म्हणाले.

मामांनी बशी खाली ठेवली. "ह्या वयात थट्टा नगं रं."

"थट्टा कशाची? मारका हाय खरं चालतोय, वेसण घालू, म्हणून त्यालाच द्यायचं. बांधावर जेवतानाच ठरवलंतं. बोललो की मी तुझ्याम्होरं."

केरबामामा काठीची मूठ चोळत राहिले.  आमच्या एकाच घरातनं एक मत शिट्टीला आणि एक छत्रीला गेलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. आप्पांनी मला कधीच विचारलं नव्हतं.

"मग बेल का उचलला न्हाईस? नुसता हात लावला असतास, तर..." मामांनी विचारलं.

"तू मागाय आला असतास तर सांगितलं असतं केरबा. तू बांधाय आलतास. दावं लावून घ्यायला मी काय पाखऱ्या हाय?"

पाखऱ्याचं नाव निघालं आणि मामांचे डोळे भरले. "एकटा चालंनाच रं त्यो. नवा जोडीदार आणला तर त्याला ढुसण्या द्यायचा. दिवाळीला इकला. बाजारातनं येताना मागं वळून बघितलं न्हाय मी." नाक पुसून त्यांनी विचारलं, "जू हाय काय अजून?"

महांतेशनी आढ्यावरचं जू उतरवून दिलं. मामांनी ते मांडीवर घेऊन धोतराच्या सोग्यानं पुसलं. डाव्या बाजूला लाकूड जास्त झिजलं होतं. "माझा वडायचा जास्त," ते म्हणाले.

"व्हय, आणि खायचा बी," आप्पा म्हणाले, आणि दोघं इतके हसले की आप्पांना खोकल्याची उबळ आली. मामांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर केरबामामा रोज यायचे आणि ताक पिऊन जायचे. दोघं काय बोलायचे ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं, भांडणासारखंच. तो पावसाळा या घरातला सगळ्यांत चांगला गेला.

आप्पा भाद्रपदात गेले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना सोप्यात भिंतीला टेकून बसवलं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर लिंग. आमचे पुरोहित, जंगम, मंत्र म्हणत होते. सगळं गाव आलं होतं. थकलेले हंबीरराव आले, गणपतराव आले, वस्तीतल्या सगळ्या बायका आल्या. बायडाबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.

केरबामामा सगळ्यांत शेवटी आले. दाराशी लोकांनी त्यांना वाट दिली. त्यांच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात बेलाची ओली पानं. भंडारा नव्हता. ते आप्पांपुढे कसेबसे गुडघ्यावर बसले, एक पान घेतलं आणि लिंगावर ठेवलं. मग आप्पांची थंड बोटं दोन्ही हातांनी हळूच त्या पानावर मिटवली.

"आता तरी घे की रं," ते म्हणाले.